बाबांना ‘गॅस’ आहे असं सांगितलंय

पत्र थोडक्यात असं आहे. वाचक ४१ वर्षांचे, गाव कराडजवळ, नोकरी पुण्यात. वडील ६७ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले गुरुजी, आता घरचा दोन एकर ऊस बघतात. पाच महिन्यांपासून शेतातून घरी येताना चढाला छाती भरून येते, पाच मिनिटं थांबलं की जातं. टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) पॉझिटिव्ह आली म्हणून अँजिओग्राफी केली. हृदयाच्या एलएडी नावाच्या नळीत मधल्या भागात ८० टक्के ब्लॉक, उजव्या नळीत ५० टक्के, हृदयाचं पंपिंग ६० टक्के, म्हणजे नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेबलवर आहेत तोवर अँजिओप्लास्टी (अरुंद नळी आतून फुग्यानं उघडायची) करून टाकू, मुलगा गोंधळला आणि ‘घरी विचारून सांगतो’ म्हणाला. आता गोळ्या सुरू होऊन पाच आठवडे झाले, त्रास बराच कमी आहे. पण मुंबईचे दाजी रोज फोनवर ‘टाइम बॉम्ब घेऊन फिरवताय म्हाताऱ्याला’ म्हणतात, चुलतभाऊ ब्लॉक विरघळवणारा काढा पाठवतो, आई रडते. थोरल्या काकांना १९९५ साली मुंबईत नुसता फुगा केला होता, चार महिन्यांत नळी परत आवळली आणि बायपास करावी लागली, ते घरात कोणी विसरलेलं नाही. वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशनही लांबलंय. आणि वडिलांना यातलं खरं काहीच सांगितलेलं नाही, ‘गॅस आहे, जरा तपासणी केली’ एवढंच. वाचक विचारतात, ‘फुगा करून टाकू की गोळ्यांवर ठेवू? उद्या काही झालं तर लोक म्हणतील पोरानं पैसे वाचवले.’

दादा, पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना रिपोर्ट बघितला, दुसऱ्यांदा वाचताना शेवटची ओळ. लोक म्हणतील वाली. तिच्याकडे येतेच, पण आधी एक सांगते, मी डॉक्टर नाही, २२ वर्षं कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी करतात त्या काचेच्या खोलीत) सिस्टर होते, १९९३ ते २०१५. तुमच्या वडिलांच्या अँजिओग्राफीची सीडी मी बघितलेली नाही, त्यामुळे ‘करा’ किंवा ‘करू नका’ हे मी सांगणार नाही आणि कोणी पत्र वाचून सांगत असेल तर त्याचंही ऐकू नका. पण त्या काचेच्या आत काय होतं आणि काचेच्या बाहेर नातेवाईक काय समजून घेतात, यातलं अंतर मी रोज बघितलंय, त्यावर बोलू शकते.

पहिलं म्हणजे तुम्ही त्या दिवशी ‘विचारून सांगतो’ म्हणालात म्हणून अपराधी वाटून घेताय, ते सोडून द्या. मी स्वतः कितीतरी मुलांना, बायकांना दारात उभं करून म्हटलंय, ‘लवकर सांगा, पेशंट टेबलवर आहे.’ तेव्हा वाटायचं आपण कामच करतोय. डॉक्टरांचीही त्यात काही लबाडी असतेच असं नाही, एकदा सुई टोचलेलीच आहे, एकदाच डाय (एक्स-रेत नळ्या दिसाव्या म्हणून सोडतात ते औषध) जाईल, एकदाच अ‍ॅडमिट, पेशंटला परत यायला नको, हा साधा हिशोब असतो आणि हार्ट अटॅक घेऊन आलेल्या माणसाच्या बाबतीत तर एक मिनिट घालवायचं नसतं. पण चालत आलेल्या, चालत जाणार असलेल्या माणसाच्या मुलानं स्क्रीनवरची ती बारीक झालेली रेघ बघून दहा मिनिटांत सही करायची, हे मला आता मागे वळून बघताना बरोबर वाटत नाही. तुम्ही वेळ मागितलात. त्यांना अटॅक आलेला नव्हता, म्हणून तो वेळ तुमच्याकडे होता. सगळ्या प्रश्नाची मेख इथेच आहे.

कारण अँजिओप्लास्टी नाव एकच असलं तरी कामं दोन वेगळी आहेत. अटॅक चालू असताना नळी गुठळीनं पूर्ण बंद झालेली असते, हृदयाचा तेवढा भाग मरायला लागलेला असतो, तेव्हा फुगा घालून नळी उघडणं म्हणजे जीव वाचवणंच. हॉस्पिटलच्या दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत उघडायची असा नियम आहे आणि आम्ही घड्याळ लावून पळायचो. यात वाद नाही, तेव्हा ‘घरी विचारून सांगतो’ म्हणू नका. तुमच्या वडिलांचं दुसरं आहे. चढावर कळ, थांबलं की बरं, पाच महिने तेवढंच, वाढलेलं नाही, उलट गोळ्यांनी कमी झालंय. याला स्टेबल अँजायना म्हणतात. इथे फुगा कशासाठी करायचा हे आधी ठरवावं लागतं. कळ घालवायला की आयुष्य वाढवायला? आपण सगळे गृहीत धरतो की आयुष्य वाढवायला.

ते तसं नाही, आणि हे पटायला मला पण वर्षं गेली, कारण मी डोळ्यांनी बघायचे ना, आधी रेघ तुटल्यासारखी आणि नंतर कशी भरघोस, वाटायचं झालं, माणूस नवा झाला. पण २००७ साली करेज नावाचा अभ्यास आला, त्यात २,२८७ अशाच स्थिर पेशंटांना दोन गटांत विभागलं होतं, एका गटाला नीट गोळ्या आणि दुसऱ्याला तशाच गोळ्या अधिक अँजिओप्लास्टी. मृत्यू आणि अटॅक दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले. मग २०१९ मध्ये त्याहून मोठा, इस्केमिया नावाचा, ५,१७९ पेशंट, त्यात आपल्या भारतातलेही होते. परत तेच. फरक पडला तो त्रासात, ज्यांना वारंवार कळ यायची त्यांना फुग्यानं किंवा बायपासनं जास्त आराम मिळाला. आणि गोळ्यांच्या गटातल्या साधारण पाचातल्या एकाला पुढच्या काही वर्षांत शेवटी प्रोसिजर करावी लागलीच, तेही लक्षात ठेवा, म्हणजे उद्या करायची वेळ आली तर ‘आधीच केलं असतं तर’ म्हणून डोकं आपटून घेऊ नका. थांबलेल्यातल्या बाकीच्या चौघांचं तोवर तसंच निभावलं.

लंडनच्या डॉक्टरांनी तर अजून धाडस केलं. २०० पेशंट घेतले, सगळ्यांना कॅथलॅबमध्ये झोपवलं, गुंगी दिली, कानाला गाण्यांचे हेडफोन लावले आणि निम्म्यांना खरी अँजिओप्लास्टी केली, निम्म्यांना नुसतं झोपवून बाहेर आणलं. कुणाला काय झालं ते पेशंटला माहीत नाही. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर पळवलं तर दोन गटांत दखल घेण्यासारखा फरक नाही. हे २०१७ चं. त्या सगळ्यांना आधी गोळ्या मात्र भरपूर दिलेल्या होत्या. पुढे २०२३ मध्ये त्यांनीच परत ३०१ लोकांवर केलं, या वेळी कळीच्या गोळ्या बंद करून, तेव्हा खरा फुगा झालेल्यांची कळ नकली झालेल्यांपेक्षा स्पष्ट कमी झाली, पण सगळ्यांची गेली असं तेव्हाही नाही. यावरून मी तरी एवढंच काढते की कळ कमी करायला गोळ्याही चालतात, फुगाही चालतो.

आता दाजींचा टाइम बॉम्ब. दाजी प्रेमानं बोलतायत, त्यांच्यावर चिडू नका. त्यांच्या डोक्यात नळी म्हणजे बेसिनचा पाइप आहे, ८० टक्के भरला, अजून वीस भरला की तुंबला. अटॅक बहुतेक वेळा असा हळूहळू भरत येत नाही. नळीच्या अस्तराखाली चरबीचा थर असतो, त्याचं वरचं साय धरल्यासारखं पातळ टोपण अचानक फाटतं, तिथे रक्ताची गुठळी होते आणि नळी काही मिनिटांत बंद. आणि फाटणारा थर पुष्कळदा तो असतो जो अँजिओग्राफीत ४०-५० टक्केच दिसत होता, ज्याला कोणी हातही लावला नसता. म्हणजे वडिलांच्या उजव्या नळीतला तो ५० टक्के, ज्याबद्दल तुमच्या पत्रात अर्धं वाक्य आहे, तो काही कमी भानगडीचा नाही. स्टेंट, म्हणजे नळीत बसवायची जाळी, बसतो अठरा मिलिमीटर, अठ्ठावीस मिलिमीटर, म्हणजे तुमच्या बोटाच्या पेरापेक्षा थोडा कमी किंवा जास्त, तेवढ्याच जागेचं तो बघतो. रात्री घ्यायची ती कोलेस्टेरॉलची, स्टॅटिनची गोळी सगळ्या नळ्यांचं बघते, टोपण घट्ट करते. म्हणून ‘नुसत्या गोळ्यांवर’ ठेवलंय असं म्हणू नका हो, त्या ‘नुसत्या’ शब्दानं घरात घोटाळा होतो आणि मग कुणीतरी चार महिन्यांनी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून त्या बंद करतं.

आणि ८० हा आकडा. तो पट्टीनं मोजलेला नसतो, डॉक्टर स्क्रीनवर बघून अंदाज सांगतात, दोघं डॉक्टर एकाच सीडीवर ७० आणि ९० म्हणालेले मी ऐकलेत. खरं बघायचं असतं ते त्या अरुंद जागेच्या पुढे रक्ताचा दाब किती उरतो. त्यासाठी प्रेशर वायर असते, केसाइतकी बारीक तार पलीकडे नेऊन मोजतात, ०.८० किंवा त्याखाली आलं की अडथळा खरोखर अडवतोय असं धरतात. त्याला एफएफआर म्हणतात. तुमच्याकडे केलं नसेल तर गुन्हा नाही, वडिलांची कळ आणि टीएमटी दोन्ही त्याच बाजूला बोट दाखवतायत, पण दुसरं मत घ्यायला जाल तेव्हा विचारा.

काकांकडे येऊ. मला वाटतं तुमच्या घरातला खरा अडथळा एलएडीत कमी आणि १९९५ मध्ये जास्त आहे. काकांना झालं ते त्या काळात नवलाचं नव्हतं, मी तेव्हा नवीनच होते तिथे. नुसता फुगा करायचो आणि शंभरातले तीस-चाळीस पेशंट सहा महिन्यांच्या आत परत यायचे, तीच कळ घेऊन. आम्ही त्यांना नावानं ओळखायचो.

काय होतं आत ते सांगते. मनगटातून, तेव्हा जांघेतून, एक लांब बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. त्यातून तार, तारेवरून मिटलेला फुगा, छत्री मिटल्यासारखा घडी घातलेला. तो अरुंद जागी पोचला की बाहेरून पंपानं त्यात पातळ केलेला डाय भरायचा, हवा नाही. टेक्निशियन हँडल फिरवत मोठ्यानं आकडे म्हणतो, सहा, आठ, दहा, बारा, हे वातावरणाच्या दाबाच्या पटीत असतं, गाडीच्या टायरच्या चार-पाच पट म्हणा. स्क्रीनवर फुग्याला कंबर दिसते, डमरूसारखी, आणि मग ती कंबर सुटते. त्या वीस-तीस सेकंदांत नळी पूर्ण बंद असते ना, त्यामुळे पेशंटला नेमकी तीच कळ येते. एक शेतकरी आजोबा होते, पूर्ण जागे, फुगा फुगल्यावर म्हणाले, ‘हीच बघा बाई ती कळ, विहिरीवरची.’ फुगा सोडला, म्हणाले, ‘गेली.’

तर फुगा ब्लॉक काढत नाही, वितळवतही नाही. तो चरबीचा थर चिरतो, भिंतीवर दाबतो आणि नळी ताणतो. ताणलेली नळी रबरासारखी थोडी परत येते आणि चिरलेल्या जागी व्रण भरून येताना मांस वाढतं. काकांचं हेच झालं. पण ज्या पहिल्या माणसाला हे केलं, १६ सप्टेंबर १९७७ ला झुरिकमध्ये, आंद्रियास ग्रुंटझिग नावाच्या डॉक्टरनं, ज्यानं ते फुगे आपल्या घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून बनवले होते, तो पेशंट ३८ वर्षांचा होता, त्यालाही एलएडीतच ब्लॉक होता आणि त्याची नळी दहा वर्षांनी बघितली तरी उघडी होती. तसलाच फुगा, एकाला दहा वर्षं, एकाला चार महिने. डॉक्टर बिचारा १९८५ मध्ये विमान अपघातात गेला, पेशंट नंतर कितीतरी वर्षं ठणठणीत. असो.

म्हणूनच १९८६ मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये स्टेंट बसवायला सुरुवात झाली, आपल्याकडे लोक स्प्रिंग किंवा जाळी म्हणतात ती, म्हणजे नळी परत आवळायला नको. त्यातूनही मांस वाढायचं, म्हणून २००२-०३ पासून औषध लावलेले स्टेंट आले आणि परत आवळण्याचं प्रमाण शंभरात दहाच्या खाली गेलं. आज तुमचे डॉक्टर ‘फुगा करू’ म्हणाले तर त्याचा अर्थ जवळजवळ नेहमी फुगा आणि औषधवाला स्टेंट. आता नुसता फुगा करतात तो पण औषध लावलेला, स्टेंटमध्येच परत ब्लॉक झाला किंवा नळी फार बारीक असली तर. काकांच्या वेळचा फुगा वडिलांना कोणी करणार नाहीये, एवढं घरात एकदा स्पष्ट बोला. आणि हो, काका बायपासनंतर २०११ पर्यंत जगले, ते तुम्ही पत्रात कंसात लिहिलंय. सोळा वर्षं! ती कंसात टाकायची गोष्ट आहे का.

स्टेंट बसला की मात्र एक पथ्य येतं ज्यात तडजोड नाही. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या, अ‍ॅस्पिरिन आणि सोबत क्लोपिडोग्रेल किंवा तसली, स्थिर पेशंटला साधारण सहा महिने, अटॅक येऊन गेला असेल तर वर्षभर, मग एक कायम. मध्येच बंद केल्या तर नव्या जाळीवर गुठळी होऊन नळी धाडकन बंद होऊ शकते. दात काढायला गेलं, दातवाल्यानं सांगितलं चार दिवस बंद करा, यांनी केल्या, आणि पाचव्या दिवशी आमच्या टेबलवर, असे पेशंट मी बघितलेत. म्हणून हर्निया. तुम्ही तो जाता जाता लिहिलाय पण डॉक्टरांना सांगितलाय का? स्टेंट आधी झाला तर हर्निया सहा महिने तरी सहसा पुढे जातो, आणि हर्निया आधी करायचा तर भूल देणाऱ्यांना हृदयाचे कागद दाखवावे लागतील. हार्टवाला आणि सर्जन दोघांनी एकमेकांशी बोलून क्रम ठरवायचा, तुम्ही मध्ये निरोप्या होऊ नका, एकाच दिवशी दोन्हीकडे फोन लावून द्या.

बायपासबद्दल लिहिलं नाहीत पण कुणीतरी काढेलच. एकाच नळीत, मधल्या भागात ब्लॉक असताना सहसा तिकडे उडी मारत नाहीत. तीन नळ्या गेल्या असतील आणि सोबत शुगर असेल तर बायपास सरस ठरते, २०१२ च्या एका मोठ्या अभ्यासानंतर डॉक्टर हे ठामपणे सांगतात. डाव्या मुख्य नळीचं तोंडच अरुंद असेल किंवा पंपिंग ३५ च्या खाली असेल तर वर सांगितलेलं थांबण्याचं गणित लागूच होत नाही, अशा पेशंटांना वरच्या इस्केमिया अभ्यासात घेतलंच नव्हतं. हे बाकीच्या वाचकांसाठी, आपल्या रिपोर्टवर लेफ्ट मेन हे शब्द असतील तर माझा लेख बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा.

काढ्याचं एका ओळीत. काढ्यानं ब्लॉक विरघळलेला मी बावीस वर्षांत एकाही सीडीवर बघितला नाही, आणि फुगासुद्धा विरघळवत नाही हे वर सांगितलंच. चुलतभावाला वाईट वाटायला नको म्हणून बाटली घ्या आणि कपाटात ठेवा.

पैशाचं. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारनं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली, औषधवाला स्टेंट तेव्हा २९,६०० रुपयांवर आणला, आधी त्यालाच लाख-सव्वा लाख मोजलेले लोक मला माहितेत. आकडा नंतर थोडाफार बदलत राहिलाय पण मर्यादा आहे. बिलात स्टेंटची किंमत, कंपनी, बॅच नंबर वेगळा लिहिलेला पाहिजे आणि पाकिटावरचं स्टिकर फाइलला चिकटवलेलं पाहिजे, तेवढं बघून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, आता वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत आहे, योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन अ‍ॅडमिट व्हायच्या आधी तिथे जा, नंतर नाही.

मग ‘पोरानं पैसे वाचवले’ याचं काय. दादा, हे वाक्य अजून कोणी म्हटलेलं नाही, तुम्हीच म्हटलंय, स्वतःला, रात्री पुण्यात झोप येत नाही तेव्हा. गावाबाहेर राहणाऱ्या मुलांना हे होतं, मी खूप बघितलीत, रजा दोनच दिवसांची असते आणि दोन दिवसांत काहीतरी मोठं करून जायचं असतं, म्हणजे बसमध्ये बसताना हलकं वाटतं. त्यात प्रेम आहेच. पण मला विचाराल तर तुम्हाला जो फुगा हवाय तो थोडा तुमच्या छातीतल्या धाकासाठी हवाय. वडिलांच्या कळीला काय हवंय ते वडिलांनाच विचारायला लागेल आणि त्यांना तर तुम्ही गॅस सांगितलाय.

यावर मात्र मी जरा रागावूनच लिहितेय. आईला भीती की ते खचतील, ठीक आहे, समजते मी. पण मनगटातून तार घालून गॅस बघतात यावर त्यांचा विश्वास बसला असेल असं वाटतं का तुम्हाला? चाळीस वर्षं पोरांची खोटं बोलणारी तोंडं वाचलेला माणूस, गोळ्यांच्या पाकिटावरची नावं वाचत नसेल? त्यांना माहिती असणार, ते तुम्हाला त्रास नको म्हणून गप्प आहेत आणि तुम्ही त्यांना त्रास नको म्हणून. आणि समजा खरंच माहिती नाही, तर ते अजून वाईट. रात्री तीन वाजता छातीवर धोंडा ठेवल्यासारखं झालं, घाम फुटला, तर गॅसवाला माणूस काय करेल? इनो पिईल आणि कुणाला उठवणार नाही, सकाळपर्यंत बघू म्हणेल. अशी सकाळ वाट बघून आलेली माणसं आमच्याकडे यायची, स्नायू मरून गेलेला असायचा, मग नळी उघडूनही उपयोग थोडाच.

तेव्हा सांगा. आकडे सांगू नका लगेच, एवढंच की हृदयाची एक नळी अरुंद झालीय, चढाची कळ त्याची आहे, गॅसची नाही, औषध चालू आहे, गरज पडली तर जाळी बसवतात. आणि सॉर्बिट्रेटची गोळी खिशात देऊन शिकवा, कळ आली की आधी खाली बसायचं, मग जिभेखाली ठेवायची, उभ्यानं नाही, बीपी उतरून चक्कर येते. पाच मिनिटांत गेली नाही, किंवा बसल्या जागी, झोपेत आली, घाम आला, डावा हात, जबडा दुखायला लागला, किंवा आधी शंभर पावलांवर यायची ती आता वीस पावलांवर यायला लागली, तर थांबायचे दिवस संपले, १०८ ला फोन, मोटारसायकलवर मागे बसवून न्यायचं नाही. जवळ रात्रीसुद्धा कॅथलॅब चालू असणारं हॉस्पिटल कुठलं ते आजच विचारून शेजारच्याला सांगून ठेवा, तुम्ही पुण्यात असाल तेव्हा तोच पळणार आहे.

थांबायचं ठरलं तर ते ठरवून थांबा, विसरून नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी डॉक्टर, नाडी साठच्या आसपास, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली, बरेच डॉक्टर आता ५५ म्हणतात, शुगर तपासलेली, तंबाखूची डबी असेल तर (गुरुजींची असतेच कुठेतरी) ती घराबाहेर. साधारण तीन महिन्यांनी गोळ्या पूर्ण डोसमध्ये असूनही शेतात जाणं त्यांना जड जात असेल, तर करून घ्या अँजिओप्लास्टी, बिनधास्त, त्यासाठीच आहे ती, दुसऱ्या दिवशी बहुतेक घरी पाठवतात. त्यातही धोका अगदी शून्य नसतो, डायनं किडनीवर ताण येतो म्हणून क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी) आधी बघतात. आणि ते म्हणाले की मला आत्ताच करायचंय, रोज ती भीती नको, तर तेही कारण चालतं. शेताचा चढ त्यांना चढायचाय, ते त्यांनी ठरवायचं.

एक वही द्या त्यांना. मास्तर माणसाला वही आवडते. कुठल्या तारखेला, चढावर कुठपर्यंत आल्यावर थांबावं लागलं, लाइटच्या खांबापाशी की देवळापाशी, किती मिनिटं, गोळी लागली का. दुसऱ्या डॉक्टरकडे सीडीसोबत ती वही न्या, ८० टक्क्यांपेक्षा तिच्यावर जास्त बोलणं होईल.

येत्या रविवारी जाताय ना गावी, तेव्हाच बोला, रात्री नको, सकाळच्या चहाला. आईलाही शेजारी बसवा, नाहीतर ती दाराआड उभी राहून अर्धंच ऐकेल.